डॉ. होमी भाभा, समुद्राचं पाणी आणि चंद्रावरची माती



आठवीच्या विज्ञानात अणूचे अंतरंग हा धडा आहे. समस्थानिके शिकवून झाली की अणुभट्टी येते, आणि अणुभट्टी आली की डॉ. होमी भाभांचं नाव येतंच. फळ्यावर जन्म, मृत्यू, अप्सरा, ट्रॉम्बे एवढं लिहायचं आणि पुढे जायचं, हे मीही बरीच वर्षं केलं. यंदा मात्र एका मुलाने अडवलं. आमची शाळा मांडव्याच्या परिसरात आहे, या मुलाचे वडील मासेमारीला जातात. त्याने मोबाइलवर पाहिलं होतं की चंद्रावर हेलियम-३ नावाचं इंधन आहे, ते खणून आणलं की पृथ्वीवर विजेचा तुटवडा संपेल. त्याची शंका अशी, की चंद्र खणला तर उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीचं काय होणार? बाबांची बोट बाहेर पडायची वेळ तर चंद्रावरच ठरते.

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण उत्तर लगेच सुचलं नाही. उत्तर शोधायला बसलो आणि फिरून भाभांपाशीच आलो. म्हणून हा पाठ तुमच्यासाठी लिहितोय. तुमच्याही वर्गात हा प्रश्न आज ना उद्या येणार.

आधी त्या माणसाची ओळख करून घेऊ.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडील जहांगीर भाभा वकील, आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी. आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. म्हणजे पोलाद, वीज, कारखाने या गोष्टी मुलाच्या कानावर घरातच पडत होत्या. घरात पुस्तकं होती, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या, रंग आणि कॅनव्हास होते. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, मग रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं शिक्षण मुंबईत झालं. १९२७ मध्ये तो केंब्रिजला गेला. सगळं मनासारखं मिळालेला मुलगा, असं आपण म्हणू.

पण पालकांनी इथे जरा थांबावं. वडिलांची आणि दोराबजींची इच्छा होती की होमीने इंजिनिअर व्हावं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावं. कारखाना घरचा, नोकरी ठरलेली. मुलाचं मन मात्र भौतिकशास्त्रात गेलं. त्याने १९२८ मध्ये वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळवलं की इंजिनिअर होणं हा त्याचा स्वभाव नाही, त्याला भौतिकशास्त्रच करायचं आहे. वडिलांनी ना झिडकारलं, ना लगेच मान डोलावली. त्यांनी अट घातली : आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी आणखी राहायचा खर्च मी देतो. मुलाने १९३० मध्ये इंजिनिअरिंगचा पहिला वर्ग मिळवला आणि १९३२ मध्ये गणिताचाही. मला विचाराल तर हा सौदा दोन्ही बाजूंनी फार शहाणपणाचा होता. पुढे अणुभट्टी बांधायची वेळ आली तेव्हा नकाशा वाचता येणारा भौतिकशास्त्रज्ञ भारताला मिळाला, तो या अटीमुळे.

केंब्रिजमधलं त्यांचं संशोधन आठवीला झेपणारं नाही, त्यामुळे थोडक्यात. इलेक्ट्रॉन आणि त्याचा विरुद्ध प्रभाराचा जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होतं याचं गणित त्यांनी मांडलं, त्याला आजही भाभा विकिरण म्हणतात. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की अवकाशातून आलेला एक वेगवान कण हवेत शिरला की त्याच्यापासून कणांची सर कशी कोसळते. मुलांना एवढंच सांगा की या क्षणी आपल्या डोक्यावर अशा सरी पडत आहेत. मुलं वर बघतात!

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि तिकडे महायुद्ध पेटलं. परत जाणं थांबलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन यांच्या विभागात, ते काम करू लागले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतता आलं असतं. ते परतले नाहीत.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. मूलभूत भौतिकशास्त्राची एक संस्था काढावी अशी मागणी त्यात होती, आणि तिच्यासाठी दिलेलं कारण पाहा. साधारण दोन दशकांत अणूपासून वीज तयार होऊ लागेल, त्या वेळी भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघावं लागू नये, ते इथेच तयार असावेत. तारीख लक्षात घ्या. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून वर्षभराहून जास्त अवधी होता. अणुशक्ती हा शब्द रस्त्यावरच्या माणसाने ऐकलेलाही नव्हता.

ट्रस्टने पैसे दिले. १ जून १९४५ रोजी बंगळूरला टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला आली. १९४९ मध्ये ती गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. आपण मांडव्याची बोट पकडायला ज्या बंदरावर रांगेत उभे राहतो, तिथून ही इमारत अगदी हाकेच्या अंतरावर आहे. आज तिथे अणुऊर्जा विभागाचं कार्यालय आहे. पुढच्या वेळी भाजलेल्या शेंगांची पुडी घेऊन बोटीची वाट पाहाल तेव्हा मागे वळून मुलांना ती इमारत दाखवा.

संस्थेची स्वतःची इमारत कुलाब्याच्या टोकाला झाली. पायाभरणी १९५४ मध्ये आणि उद्घाटन १९६२ मध्ये, दोन्ही पंडित नेहरूंच्या हस्ते. दरम्यान १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये ट्रॉम्बेला अणुशक्तीचं केंद्र सुरू झालं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनकडून आलं, पण भट्टी इथल्या तरुणांनी उभारली. सोव्हिएत रशिया सोडला तर आशियातली ती पहिलीच. मांडव्याच्या जेट्टीवरून उत्तरेकडे तोंड केलं की घारापुरी आणि तिच्यामागे ट्रॉम्बे येतं. वायव्येला कुलाबा. या माणसाच्या कामाच्या दोन्ही जागा आपल्या खाडीच्या पलीकडच्या काठावर आहेत.

तर १९४४ चं भाकीत खरं ठरलं. दोन दशकांच्या हिशेबात थोडा उशीर झाला, तारापूरची वीज १९६९ मध्ये आली. पण तज्ज्ञ मात्र इथेच तयार होते.

आता दुसरं भाकीत.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापराबद्दल संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. सत्तरहून अधिक देशांचे प्रतिनिधी, आणि अध्यक्षपदी नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाचे पंचेचाळीस वर्षांचे भाभा. सगळे विखंडनावर बोलायला आले होते. विखंडन म्हणजे युरेनियमसारखा जड अणू फोडून ऊर्जा मिळवणं. भाभा अध्यक्षीय भाषणात एक पायरी पुढे गेले. सूर्यात जे चालतं ते संमीलन, म्हणजे हायड्रोजनचे हलके अणू एकत्र जुळवून ऊर्जा मिळवणं, हेही माणसाला काबूत आणता येईल, आणि पुढच्या दोन दशकांतच त्याची रीत सापडेल, असं त्यांनी सांगितलं. एकदा ते जमलं की जगाचा इंधनाचा प्रश्न कायमचा सुटेल, कारण त्याला लागणारा जड हायड्रोजन महासागरात भरलेला आहे.

त्या वेळी अमेरिका, ब्रिटन आणि रशिया तिघेही यावर गुपचूप काम करत होते. भाभांनी भर सभेत विषय काढल्यावर अमेरिका आणि ब्रिटनला आपणही यात आहोत हे मान्य करावं लागलं. पुढच्या वर्षी रशियाचे कुर्चातोव्ह इंग्लंडमध्ये हार्वेलला येऊन आपलं काम सांगून गेले, आणि १९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत कुलपं बऱ्यापैकी उघडली. हा त्या भाषणाचा खरा परिणाम, आणि तो कमी समजू नका.

पण १९७५ आलं आणि गेलं. संमीलनाची वीज आली नाही. आजही कुठल्याच घरात त्या विजेवर दिवा लागलेला नाही. अडचण कुठे आली ते मुलांना असं सांगता येतं : दोन अणुकेंद्रकं एकमेकांना ढकलतात, कारण दोन्ही धनप्रभारित. त्यांना जवळ आणायचं तर प्रचंड वेग हवा, म्हणजे प्रचंड तापमान हवं. फ्रान्समध्ये आयटर नावाची जी आंतरराष्ट्रीय भट्टी उभी राहतेय तिच्यात १५ कोटी अंश सेल्सिअस लागणार आहे. असं भांडंच नाही जे हे सोसेल. म्हणून तो तापलेला वायू चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरून ठेवायचा, आणि तो पाऱ्यासारखा निसटत राहतो. १९५५ मध्ये हायड्रोजन बॉम्ब झाला होता, त्यामुळे संमीलन होतं हे माहीत होतं. ते आवरून धरायचं कसं हे माहीत नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लेझरच्या प्रयोगात इंधनावर २.०५ मेगाज्यूल प्रकाश टाकून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली, तेव्हा जगभर बातमी झाली. ते लेझर चालवायला विजेच्या तारेतून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते, हे त्याच बातमीत खाली कुठेतरी होतं.

आता त्या मुलाच्या चंद्राकडे येऊ.

हेलियम-३ म्हणजे हेलियमचंच हलकं समस्थानिक : केंद्रकात दोन प्रोटॉन आणि एकच न्यूट्रॉन. सूर्यातून सतत प्रभारित कणांचा वारा सुटतो, त्याला सौरवात म्हणतात, त्यात हे कण थोडे असतात. पृथ्वीला चुंबकीय क्षेत्राचं कवच आहे आणि वर हवेचा थर, त्यामुळे ते जमिनीपर्यंत पोचत नाहीत. चंद्राला आज ना असं कवच, ना हवा. अब्जावधी वर्षं तो वारा तिथल्या धुळीत मुरत राहिला. अपोलो मोहिमांनी आणलेल्या मातीत हे हेलियम सापडलं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की चंद्राच्या वरच्या थरात असं सुमारे दहा लाख टन असेल. तेव्हापासून ही कल्पना चालत आली आहे.

(चुंबकीय कवच शिकवायला सहल काढायची असेल तर अलिबाग वीसेक किलोमीटरवर आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतले नाजूक चुंबक बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. सूर्यावर वादळ झालं की तिथली नोंद हलते. आणखी एक : हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं आपण कोकणातले शिक्षक हौसेने सांगतो. नॉर्मन लॉकयर विजयदुर्गाला आले ते १८९८ च्या ग्रहणाला. सूर्यप्रकाशातली ती पिवळी रेषा त्यांनी १८६८ मध्ये पाहिली तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. मीही हे चुकीचं सांगितलेलं आहे.)

लोकांना हेलियम-३ चा मोह का? ते ड्यूटेरियमशी, म्हणजे जड हायड्रोजनशी जुळलं की साधं हेलियम आणि एक प्रोटॉन निघतो. न्यूट्रॉनचा मारा खूप कमी होतो, त्यामुळे भट्टीच्या भिंती कमी किरणोत्सारी होतील. कमी, शून्य नाही, कारण ड्यूटेरियमचे अणू आपसातही जुळतात आणि न्यूट्रॉन सोडतात. पण या जोडीला पेटवायला आयटरच्या १५ कोटी अंशांच्याही कितीतरी पट तापमान लागतं. म्हणजे साधी चूल अजून पेटली नाही आणि आपण तिच्याहून अवघड चुलीसाठी लाकूड आणायला चंद्रावर निघालो आहोत.

पुढचं गणित मी मुलांकडून फळ्यावर करून घेतलं, तुम्हीही घ्या. चंद्राच्या मातीत हेलियम-३ फार विरळ आहे. बऱ्यापैकी चांगल्या जागी शंभर कोटी भागांत दहा भाग धरू. मग एक किलो हेलियम-३ साठी किती माती? एक लाख टन. दहा टनांचे दहा हजार डंपर. ती सगळी उकरून सुमारे ७०० अंशांपर्यंत तापवायची, तेव्हा वायू सुटणार, मग त्यातून साधं हेलियम वेगळं काढायचं. त्या एक किलोतून ऊर्जा किती? भट्टीत सगळंच्या सगळं वापरलं गेलं असं धरलं तरी २० हजार टन चांगल्या कोळशाएवढी. मुलांनी भागाकार केला. एक टन चंद्राची माती म्हणजे साधारण दोनशे किलो कोळसा. वर्गात शांतता झाली. एक किलोत वीस हजार टन कोळसा हे ऐकताना डोळे मोठे होतात, पण ती एक किलो कशातून काढली हे त्या व्हिडिओत नव्हतं.

आणि भरतीचं उत्तर? चंद्राचं वस्तुमान सुमारे ७.३ लाख कोटी कोटी टन आहे. ते सगळं दहा लाख टन हेलियम उचलून आणलं तरी चंद्राच्या वजनाचा ७३ लाख कोटींमधला एक भाग कमी होईल. माती तर तिथेच राहणार. मुलाला सांगितलं, बाबांच्या बोटीची वेळ बदलणार नाही. त्याने वहीत शून्यं मोजून खात्री करून घेतली, ते मला जास्त आवडलं.

भाभांनी चंद्राचं इंधन कधी मांडलं नाही. चंद्राची माती पृथ्वीवर आली १९६९ मध्ये, आणि ते त्याआधीच गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाला निघालेलं एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ जण गेले, त्यांत भाभा होते. वय छप्पन्न. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. अपघाताबद्दल कटाच्या गोष्टी व्हॉट्सॲपवर दर जानेवारीत फिरतात. फ्रेंच चौकशीत निघालं ते असं की पर्वत ओलांडला की नाही याबद्दल वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात गैरसमज झाला. वर्गात एवढंच सांगावं.

त्यांच्यामागे काय राहिलं याची यादी शिक्षक नेहमी संस्थांच्या नावांनी करतात. मी माणसांपासून सुरुवात करतो. १९५७ मध्ये त्यांनी ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळा काढली. दरवर्षी नव्या पदवीधरांना निवडायचं, वर्षभर शिकवायचं, मग कामाला लावायचं. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या शाळेत अनिल काकोडकर नावाचा, मुंबईत शिकलेला एक तरुण इंजिनिअर दाखल झाला. पुढे तो अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्ष झाला, आणि त्याच्याच काळात, २००५ च्या डिसेंबरात, भारत आयटरमध्ये सामील झाला. त्या भट्टीभोवतीचं पोलादाचं महाकाय वेष्टण, क्रायोस्टॅट, भारताने करून दिलं, गुजरातमध्ये हजिऱ्याला. अवकाशाचंही तेच. १९६२ मध्ये अवकाश संशोधनाची पहिली समिती भाभांच्याच अणुऊर्जा विभागाखाली, विक्रम साराभाईंच्या नेतृत्वात सुरू झाली. २०२३ मध्ये चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं, त्याचं मूळ तिथपर्यंत जातं.

भाभांच्या उणिवाही सांगाव्यात. अणुविजेचे त्यांचे आकडे फार आशावादी होते. आजही देशातल्या विजेत अणुविजेचा वाटा तीनेक टक्केच आहे. पैसा आणि अधिकार एकाच ठिकाणी एकवटले अशी टीका त्यांच्या हयातीतच झाली, मेघनाद साहांसारख्या मोठ्या माणसाने केली. दुसरीकडे हाच माणूस इमारतीच्या आड येणारं झाड तोडायला नकार देऊन ते मुळासकट दुसरीकडे लावायला लावत असे, आणि संशोधन संस्थेच्या भिंतीसाठी हुसेन यांच्याकडून चित्र करून घेत असे.

धडा संपल्यावर मुलांना घेऊन जेट्टीवर गेलो. रो-रो नुकतीच भाऊच्या धक्क्याकडे निघाली होती. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत एक लिटर समुद्राचं पाणी भरून घेतलं. त्यात जड हायड्रोजन सुमारे ३३ मिलिग्रॅम असतो, पूर्ण जुळवता आला तर तीनशे लिटर पेट्रोलएवढा. भाभा ज्याबद्दल जिनिव्हात बोलले होते ते इंधन हेच. बाटली आता प्रयोगशाळेच्या खिडकीत आहे, तिच्यावर त्या मुलाने चिठ्ठी डकवली आहे : मांडवा, भरतीची वेळ, तिथी. आणि खाली पेन्सिलने, रीत अजून सापडायची आहे.